नुकसानीचे मूळ अज्ञानात नव्हे

सामान्य गुंतवणूकदार शेअरबाजारात बुडतो तो अज्ञानामुळे. त्याला ताळेबंद वाचावयास शिकवा, खबरा वेळेवर पुरवा, म्हणजे त्याचे नुकसान आपोआप टळेल, असे मत अर्थसाक्षरतेचे पुरस्कर्ते निष्ठेने मांडीत असतात. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस आदर आहे आणि ताळेबंद वाचता आला पाहिजे हेही मान्य आहे. परंतु हे निदान अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, इकडच्या कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला, तेव्हा समुद्रात भराव घालून जमीन काढू पाहणाऱ्या बॅक-बे कंपनीचे पाच हजार रुपये भरणा झालेले शेअर पन्नास हजारांच्या घरात गेले. कोणतेही युद्ध कायम चालत नाही, हे पेढीवरच्या गुमास्त्यासही कळत होते. आणि कापसाच्या भावाची खबर इतरांआधी मिळविण्यात ज्यांची ख्याती, ते प्रेमचंद रायचंद तर त्या तेजीचे अध्वर्यूच होते. तरीही १८६५ साली युद्ध संपताच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या आणि प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. येथे माहितीची वाण कोठे होती?

आजचा दाखला याहून बोलका आहे. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून अधिक भरला, आणि लागोपाठ तोटा सोसूनही त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी सौदे चालूच ठेवले. स्वतःच्या खात्यातील तोट्याहून अधिक खरी माहिती ती कोणती?

तेव्हा दोष मनाच्या ओढीत आहे. नफ्याच्या सुखाहून तेवढ्याच तोट्याचे दुःख मनाला अधिक जाचते, हे मानसशास्त्रज्ञ कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच मांडले. शंभराला घेतलेला एक शेअर एकशेतीसवर गेला की ‘हाती पडला तो नफा’ म्हणून विकावयाचा, आणि दुसरा साठावर घसरला की ‘खरेदीच्या भावाला आला की काढीन’ म्हणत उराशी धरावयाचा, इतकेच नव्हे तर सरासरी खाली आणण्यासाठी त्यातच भर घालावयाची, हा प्रकार घरोघरी चालतो. वास्तविक आपला खरेदीभाव बाजाराच्या हिशेबी कोठेच नसतो. अमेरिकेतील दहा हजार खात्यांचा अभ्यास करून टेरन्स ओडीन यांनी १९९८ साली दाखविले की, नफ्यात विकून टाकलेले शेअर पुढील वर्षभरात, तोट्यात जपून ठेवलेल्यांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले.

अनुभवाने माणूस शहाणा होईल, असेही कोणी म्हणेल. परंतु नफा झाला तर तो आपल्या हुशारीचा आणि तोटा झाला तर तो बाजाराच्या लबाडीचा, असा जमाखर्च जे मन मांडते, त्याला अनुभव काय शिकविणार?

म्हणून आमचा आग्रह नियमाचा आहे. खरेदीपूर्वी, चित्त शांत असताना, हा शेअर का घेतो आणि कोणती गोष्ट घडल्यास विकीन, हे कागदावर लिहावे. आणि भाव कोसळल्यावर खरेदीभावाकडे न पाहता त्या कागदाकडे पाहून, हा शेअर आज जवळ नसता तर आजच्या भावाने घेतला असता काय, एवढेच स्वतःला विचारावे. नियमाने बुद्धीला बेडी पडते, हा आक्षेप टिकत नाही; कारण तो नियम बुद्धीनेच केलेला असतो, आणि भीती वा लोभ अनावर झाला असता तिचा निर्णय अंमलात आणण्याचे तेवढेच एक साधन माणसाच्या हाती उरते.