विद्यापीठाला मशीन नको, खेळतं भांडवल द्या



मार्च जवळ आला की दोन प्रश्न हमखास येतात. "सर, टॅक्स कसा वाचवू?" आणि "सर, चांगल्या कामाला थोडे पैसे द्यायचेत, कुठे देऊ?" पहिल्याचं उत्तर तुमच्या सीएकडे आहे. दुसऱ्यावर आज माझं स्पष्ट मत सांगतो.

आपण व्यापारी माणसं आरोग्यासाठी देतो म्हणजे काय देतो? हॉस्पिटलला व्हीलचेअर, वॉटर कूलर, एखादं मशीन, वर आई-वडिलांच्या नावाची पाटी. यात वाईट काहीच नाही. पण पेशंट कॉटवर येतो तेव्हा उशीर झालेलाच असतो. गावात जुलाबाची साथ कुठल्या पाण्यामुळे आली, बाळं कमी वजनाची का जन्मतात, कारखान्यातल्या धुळीने किती कामगारांची फुप्फुसं खराब झाली, हे शोधायचं काम सार्वजनिक आरोग्याचं. ते काम शिकवलं जातं विद्यापीठांत. आणि तिथे देणगीदार फारसे फिरकत नाहीत, कारण जे मूल आजारी पडलंच नाही ते थँक यू म्हणायला येत नाही.

अशा शिक्षणातून काय उभं राहतं?

अमेरिकेत १९१६ साली रॉकफेलर फाउंडेशनने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला सार्वजनिक आरोग्याचं स्कूल काढायला २,६७,००० डॉलर दिले. १९८४ मध्ये त्याच स्कूलमधून डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग शिकून बाहेर पडले, आणि परत येऊन गडचिरोलीत कामाला लागले.

पुढे त्यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांवर एक अभ्यास केला. १९९३ पासून आधी नुसती नोंद: किती जन्म, किती मृत्यू. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन बाळांची काळजी घ्यायला लावलं, आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून आशाताईंमार्फत हीच पद्धत देशभर सुरू झाली.

आता धंदेवाईक नजरेने बघा. या कामात खर्च कशावर झाला असेल? कोट्यवधींच्या मशीनवर नाही. गावोगाव फिरणारी माणसं, त्यांचं मानधन, प्रशिक्षण, वजनकाटे, नोंदवह्या, आणि वर्षानुवर्षं धरलेला दम. आपल्या भाषेत, खेळतं भांडवल.

तुम्हाला हे मी सांगायला नको. चांगलं मशीन असलेले किती कारखाने पगार आणि कच्च्या मालाला पैसे नाहीत म्हणून बंद पडले! विद्यापीठाच्या विभागाचंही तेच. प्रोजेक्टचा निधी संपतो, सर्व्हे करणारी मुलं घरी जातात, आणि पाच वर्षांची मोजणी तिसऱ्या वर्षी तुटते. तुटलेली मोजणी म्हणजे अर्धा भाजलेला पाव. कुणाच्याच कामाचा नाही.

"अहो, हे सरकारचं काम ना?" हो, आहेच. पण कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ मध्ये उभी राहिली तेव्हा इमारत आणि उपकरणं रॉकफेलर फाउंडेशनने दिली, चालवायचा खर्च सरकारने उचलला. दोन्ही बाजू भरल्या तेव्हा गाडी चालली. देणगीदाराने फक्त इमारतच द्यावी असा काही नियम नाही.

मग द्यायचं कसं?

१. विभाग निवडा. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ आहेच. पण लांब कशाला, जवळच्या मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन विभाग असतो, जुने लोक त्याला पीएसएम म्हणतात. तिथल्या प्रमुखांना भेटा आणि विचारा, "मॅडम, कुठलं काम पैशावाचून अडलंय?"

२. दरवर्षी द्या, रक्कम आधी सांगा. एकदाच एक लाख देण्यापेक्षा पाच वर्षं वीस-वीस हजार. समोरच्याला नियोजन करता येतं. शक्य तितक्या कमी अटी घाला.

३. नाव लावायचंच असेल तर विद्यार्थ्याच्या फील्डवर्कच्या शिष्यवृत्तीला लावा. पाटीपेक्षा जास्त टिकेल.

४. कागद बघा. संस्थेला ८०जीची मान्यता आहे का? वस्तू दिल्या तर ८०जीची वजावट नाही, आणि २,००० रुपयांवर रोख दिली तरी नाही. चेक किंवा यूपीआय वापरा. नुसत्या पावतीवर थांबू नका, देणगीचं प्रमाणपत्र मागा. १९६१ च्या कायद्यात हा फॉर्म १०बीई. मान्यताप्राप्त विद्यापीठाला संशोधनासाठी दिलेल्या रकमेला कलम ३५ खाली धंद्याच्या उत्पन्नातून वजावट होती. पण तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर यातलं काही मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे क्रमांक बदलले. सीएला विचारूनच चेक लिहा.

५. कंपनी मोठी असेल, म्हणजे निव्वळ नफा ५ कोटींच्या वर, तर सीएसआर लागू होतो. सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांचं वैद्यकीय संशोधन त्यात बसतं.

६. परदेशातल्या मराठी मित्रांनो, भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. पासपोर्ट बदललाय, तर संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी किंवा सूट आहे का ते आधी विचारा.

आणि एक. टॅक्स वाचतो म्हणून देऊ नका. शंभर रुपये दिल्यावर तीस वाचले तरी सत्तर खिशातूनच जातात. ते सत्तर कशासाठी, हे ठरवून द्या.

दिल्यावर हिशोब मागायला लाजू नका. वर्षातून एक पान पुरे: किती घरं मोजली, काय आढळलं, पुढे काय करणार. उत्तर "काहीच फरक पडला नाही" असं आलं तरी चिडू नका. कुठला उपाय चालत नाही हे कळणं, हाही माल आहे.

आजचा गृहपाठ: खतावणीत 'धर्मादाय' खातं उघडा. गेल्या वर्षी आरोग्यासाठी काय दिलं ते दोन रकान्यांत लिहा: आजार झाल्यावर किती, आजार होऊ नये म्हणून किती. दुसरा रकाना रिकामा असेल, तर या आठवड्यात एका विभागप्रमुखाला फोन लावा.

धंदा वाढवा, आणि गावही निरोगी ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!