रविवारचे तीस पौंड

आपल्याकडे गाणे म्हटले की आधी शब्द. इंग्लंडच्या पिंक फ्लॉइड या रॉक वाद्यवृंदाची १९७३ सालची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही ध्वनिमुद्रिका ऐकताना ही सवय मोडते. सुरुवातीला हृदयाचे ठोके, मग घड्याळांचा गजर, आणि पहिल्या बाजूच्या शेवटी एक बाई शब्दांविना गाते. विषय मृत्यू. ऐकणाऱ्यांत कोणाला त्यात आक्रोश ऐकू येतो, कोणाला सुटका. कोणी डोळे पुसतो, तर कोणी म्हणतो, नुसती आरडाओरड!

ही बाई क्लेअर टोरी, तेव्हा पंचविशीची. जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी तिला लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत बोलावले. पियानोची चाल रिचर्ड राइटची. तिच्या हाती ना शब्द, ना सुरावट. जे गायली ते तिथल्या तिथे सुचलेले. रविवारचा दुप्पट दर धरून मिळाले ३० पौंड.

मुद्रिका कोट्यवधींनी खपली. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९८८ पर्यंत ती सातशेहून अधिक आठवडे होती. टोरीचे नाव गायिका म्हणून छापले होते, रचनाकार म्हणून नव्हे. आम्हा कारकुनांच्या भाषेत, हजेरी मांडली, हिस्सा नाही. लोक ज्याने रडतात, ती काय एका दिवसाची मजुरी? मला तर ती अर्धी चालच वाटते.

२००४ साली ती कोर्टात गेली. २००५ मध्ये तडजोड झाली. रक्कम गुप्त राहिली. तेव्हापासून रचनेच्या श्रेयात राइटच्या जोडीला तिचेही नाव छापले जाते.