विश्लेषण : आचाऱ्याचा आचार्य झाला, तर सांगायचे कुणाला?

‘आचाऱ्याला बोलावा’ असा निरोप टाइप केला आणि समोरच्याच्या पडद्यावर ‘आचार्याला बोलावा’ असे उमटले, तर स्वयंपाक राहील बाजूला! असे खरेच होऊ शकते. ‘ऱ्य’मधला अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. त्यातल्या एका प्रकारात डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. एखाद्या ॲपने मजकूर ‘साफ’ करताना ते उडवले, की ‘र’चा रफार होतो. हिंदीत हा ‘र’ नाही, त्यामुळे हिंदी तपासून समाधान मानणाऱ्याला ही चूक दिसत नाही. ती मराठी माणसालाच दिसते आणि तो बहुधा गप्प बसतो.

तक्रार अडते कुठे?

अँड्रॉइड, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सर्वांत अक्षरे नीट जुळवून मांडण्याचे काम ‘हार्फबझ’ ही ओपन सोर्स प्रणाली करते. ओपन सोर्स म्हणजे जिचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो. मात्र चूक ॲपची, फॉन्टची की हार्फबझची, हे वापरकर्त्याला कसे कळणार? चुकीच्या ठिकाणी तक्रार केली, तर ‘हे आमच्याकडे नाही’ म्हणून ती बंद होते. सरकारी कचेरीतली टेबले आठवावीत! त्यात सगळा व्यवहार इंग्रजीत. काही प्रकल्पांत तर बराच काळ हालचाल नसलेली तक्रार यंत्रच परस्पर निकाली काढते. यामागे उद्दामपणापेक्षा माणसांची चणचण अधिक आहे, पण लोक सांगणेच सोडून देतात, हा परिणाम काही टळत नाही.

दोष फक्त प्रकल्पांचा?

नाही. लिनक्समध्ये फाइल आकुंचित करण्यासाठी वापरली जाणारी ‘एक्सझेड’ ही प्रणाली मुख्यतः एकच जण फावल्या वेळात सांभाळत होता. ‘कामे रखडली, दुसऱ्याच्या हाती द्या’ असा तगादा २०२२ मध्ये त्याच्यामागे लागला. पुढे ज्या नव्या सहकाऱ्याला अधिकार मिळाले, त्याच्याच खात्यातून २०२४ मध्ये प्रणालीत चोरवाट घातली गेली. ती उघडकीस आली तीही बाहेरच्या माणसामुळे. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले. त्याने कारण खणून काढले आणि २९ मार्च २०२४ रोजी पुराव्यांसह जाहीर केले. तगादा आणि तक्रार यांतला फरक समजून घ्यायला हे एक प्रकरण पुरेसे आहे.

मग करायचे काय?

कोड न लिहिता केवळ तक्रारी वाचून योग्य जागी पोहोचवणाऱ्यांना प्रकल्पांनी मान द्यावा, जमेल तिथे मानधनही. मराठीत आलेली तक्रार परत पाठवू नये, भाषांतराची साधने आता हाताशी आहेत. दुरुस्ती करणार नसाल, तर तसे कारणासह लिहा. मौनापेक्षा नकार बरा.

वापरकर्त्यानेही ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्यावर थांबू नये. फोनचे मॉडेल, ॲपची आवृत्ती, काय केल्यावर चूक दिसली ते लिहावे. स्क्रीनशॉट द्यावाच, पण बिघडलेला शब्द मजकूर म्हणूनही चिकटवावा. न दिसणारे जोडचिन्ह आहे की गळले, हे चित्रावरून कुणालाच सांगता येत नाही.