ॲव्हरेजचा हिशेब आपणच मांडू या

‘इंधन वाचवा’ अशा पाट्या आपण पेट्रोल पंपावर वर्षानुवर्षे वाचतो आणि तेल टाकून पुढे जातो. पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन नावाची सरकारी संस्था १९७८ पासून हाच उपदेश करते आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी शास्त्राला धरून आहेत, हे आधीच मान्य करतो. तरी कोरडवाहू शेतकरी त्या पाटीकडे वळून पाहत नाही. कारण पाटीवर लिहिलेले असते की देशाचे परकीय चलन वाचवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, तेव्हा हे परकीय चलन कुणाला आठवले नव्हते. मग ते आठवण्याची जबाबदारी नेमकी पऱ्हाटीवाल्याचीच का, असा प्रश्न त्याला पडतो आणि तो रास्त आहे.

आम्ही हा विषय घेतला तो दुसऱ्या कारणाने. वाचलेले तेल आपल्या घरात राहते. बैल कमी झाले, गाड्या वाढल्या. घरटी एक मोटारसायकल, गावात चार-दोन पिकअप, तेवढेच छोटे हत्ती, आणि नांगरट तर सगळी ट्रॅक्टरवर गेली. उत्पादनखर्चाचा हिशेब मांडताना आपण बियाणे, खत, औषध, मजुरी धरतो. मोटारसायकलचे पेट्रोल मात्र कुणी धरत नाही, जणू ते चहापाण्यात गेले. वर्षाला नऊ हजार किलोमीटर फिरणारी मोटारसायकल लिटरला पन्नासऐवजी साठ किलोमीटर गेली तर १८० लिटरच्या जागी १५० लिटर लागते. पेट्रोल शंभर रुपये धरले तर तीन हजार वाचले. २०२५ च्या हंगामात बीटी कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. म्हणजे तीन पाकिटे घेऊन वर थोडे उरतात. दहा हजार किलोमीटर चालणारा पिकअप बाराऐवजी पंधराचे ॲव्हरेज द्यायला लागला, तर डिझेल नव्वदचे धरून फरक पंधरा हजारांच्या घरात जातो. एवढा फरक पडतो का? पडतो, आणि त्यातला मोठा भाग चालवणाऱ्याच्या पायात असतो.

तेल जाते कुठे हे आधी समजून घेऊ. डिझेलच्या एका रुपयातले तीस-पस्तीस पैसेच चाकाच्या कामी येतात, पेट्रोलचे त्याहून कमी. बाकीचे रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जातात. ते आपल्या हातात नाही, कारखान्याच्या हातात आहे. चाकापर्यंत आलेले पैसे तीन ठिकाणी खर्ची पडतात: वारा कापण्यात, टायर दबण्यात आणि ब्रेकमध्ये. आपले राज्य या तिघांवर चालते.

वाऱ्याचा नियम असा की वेग वाढला की अडथळा त्याच्या वर्गाने वाढतो. साठच्या जागी ऐंशीने गाडी हाकली तर वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पट होतो. आता आपल्याच मालाकडे पाहा. ज्वारीची पोती जड पण बसकी. त्यांचा भार टायरवर आणि चढावर जाणवतो; तिथे टायरची हवा आणि योग्य गियर महत्त्वाचा. कापूस हलका पण डोंगराएवढा. टपाच्या वर आणि दोन्ही बाजूंना फुगलेला तो बोजा म्हणजे वाऱ्यापुढे धरलेली भिंतच. त्यावर ताडपत्री सैल असेल आणि ती फडफडत असेल तर विचारायलाच नको. म्हणून कापसाची गाडी हळू चालवण्यात जेवढा फायदा आहे तेवढा ज्वारीच्या गाडीत नाही. ताडपत्री ताणून बांधायला दोन दोर जास्त लागतील, ते बांधावेत. साठ किलोमीटरवरच्या बाजाराला ऐंशीने गेलो तर पंधरा मिनिटे वाचतात, आणि तिथे गेल्यावर रांगेत दिवस जातो!

त्या रांगेबद्दलही बोलले पाहिजे. खरेदी केंद्राबाहेर गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, कारण पुढची हलली की आपणही दोन हात सरकायचे. उभ्या डिझेल गाडीला तासाला अर्धा ते एक लिटर लागते. तीन-चार तास असे गेले तर दोन-तीन लिटर जागेवर जळाले. अमेरिकेतल्या मोजणीत असे दिसले आहे की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करणेच स्वस्त पडते. सेल्फ धड असेल तर बंद करावे, धड नसेल तर आधी सेल्फ दुरुस्त करावा. चार गाड्यांच्या लोकांनी मिळून गाडी ढकलली तरी चालते. रांगेत दुसरे काम तरी काय असते?

ब्रेकचे गणित सोपे आहे. ब्रेक दाबला म्हणजे आत्ताच तेल जाळून कमावलेली गती आपण तापवून फेकून दिली. पुढे गतिरोधक दिसतो, गुरे दिसतात, तरी शेवटपर्यंत रेस ठेवायची, मग करकचून थांबायचे, मग पुन्हा रेस, हा आपल्या काळी-पिवळीवाल्यांचा बाणा. अशा दांडगाईच्या चालवण्याने मोठ्या रस्त्यावर १५ ते ३० टक्के ॲव्हरेज घटते असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात. पाय लवकर काढावा, गाडी आपोआप मंदावू द्यावी. क्लचवर पाय ठेवून चालवू नये. तेलही जाते आणि प्लेटही.

टायरची हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना तपासावी. मोटारसायकल मोठ्या स्टँडवर लावून मागचे चाक न्यूट्रलमध्ये हाताने फिरवून पाहावे. दोन-तीन फेरे सहज फिरले पाहिजे. अडकत असेल तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन कोरडी आहे, आणि ते घासणे आपल्या पैशाने चालले आहे. टपावरचे रिकामे कॅरियर काम नसताना उतरवून ठेवावे. तेलाच्या नळीतून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला दोनेक लिटर गेले समजा. घरच्या घरी करण्यासारख्या सुधारणा एवढ्याच, आणि त्यांना पाना, पक्कड आणि हवेचा पंप सोडून काही लागत नाही.

आता ज्या ‘सुधारणां’वर गावोगाव पैसा जातो त्यांच्याकडे वळू. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७४ साली देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लावली, ती १९९५ पर्यंत टिकली. २००८ साली तिथे पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले तेव्हा तेलाची बचत हा काही हौशी लोकांचा खेळच झाला. ‘हायपरमायलिंग’ हा शब्द त्या वर्षी तिथल्या ऑक्सफर्ड शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ही मंडळी गाडीची पुढची जाळी बंद करतात, चाकांवर थाळ्या बसवतात, पोटाखाली पत्रा ठोकतात, म्हणजे वारा अडणार नाही. शंभर-सव्वाशेच्या वेगाने तासन् तास जाणाऱ्या मोटारीला त्याचा फायदा होतो. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासने जाणाऱ्या जीपला तो नगण्य, आणि अकोल्या-यवतमाळच्या मे महिन्यात जाळी बंद केलीत तर इंजिन तापून हेड बसवायचा खर्च येईल. ट्रकच्या मागे चिकटून वारा चुकवण्याची त्यांची युक्ती तर कुणी मनातही आणू नये.

आपल्याकडचा कारागीर याच्या उलटे करतो. गाडी तापते म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकून देतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती गेली की इंजिन कायम थंड चालते, तेल नीट जळत नाही, वंगण घट्ट राहते आणि लायनर झिजतो. गाडी तापते ती रेडिएटर चोंदला म्हणून किंवा पंखा-पट्टा गेला म्हणून. खरा आजार तिथे शोधायला हवा. जुन्या मोटारसायकलींचा कार्बोरेटर आवळून पेट्रोल कमी करणे हा दुसरा उद्योग. थोड्याने फायदा होतो, जास्त आवळला की इंजिन तापते आणि व्हॉल्व जळतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मोटारसायकलींवर बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आहे. तिथे पाना चालवायला जागाच नाही.

आणि बाजारात मिळणारे चुंबक! तेलाच्या नळीवर बसवा, ॲव्हरेज तीस टक्के वाढेल, असे सांगून विकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असली शंभरावर साधने तपासली. लक्षात येईल एवढी बचत करणारे एकही सापडले नाही. बॅटरीच्या विजेवर पाण्याचा वायू करून तो इंजिनात सोडण्याचे डबेही तसलेच. ती वीज इंजिनच तयार करते, म्हणजे तेल जाळूनच ती येते. तेलाची वीज, विजेचा वायू, वायूची पुन्हा ताकद, प्रत्येक पायरीला काही हिस्सा गळणार. विहिरीतले पाणी उपसून परत विहिरीत टाकल्याने शिवार भिजत नाही. १९९६ साली तामिळनाडूतल्या रामर पिल्ले यांच्या झाडपाल्याच्या पेट्रोलचा केवढा गाजावाजा झाला होता. इतक्या वर्षांत ते एकाही पंपावर आले नाही. रॉकेल मिसळणाऱ्यांना एवढेच सांगतो की डिझेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, आणि पंपाचे काम निघाले की दोन वर्षांची ‘बचत’ एका बिलात जाते.

घाट उतरताना, मग तो कन्नडचा असो की मांजरसुंब्याचा, न्यूट्रल टाकणे किंवा इंजिन बंद करणे ही सवय आपल्या भागात खोलवर रुजली आहे. याबाबत आम्ही हात जोडून सांगतो. गाडी गियरमध्ये ठेवून रेसवरचा पाय काढला की आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तेल जवळपास बंद होते, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू राहायला तेल पितच राहते. सपाटीवर न्यूट्रलने गाडी थोडी लांब जाईल, पण जिथे ब्रेक लावतच उतरायचे तिथे काहीही वाचत नाही, फक्त इंजिनाची ओढ गमावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केले तर ब्रेकची हवेची मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते. मागे वेचणीच्या बाया बसलेल्या असतात.

ट्रॅक्टरबद्दल थोडे. पेरणी, कोळपणी, रिकामी ट्रॉली अशा हलक्या कामात वरचा गियर आणि कमी रेस हे तत्त्व चालते. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्राला ठरलेले फेरे लागतात, तिथे नाही. काळ्या जमिनीत वापसा येण्याआधी नांगर घातला की चाक जागेवर फिरते. मोजून पाहायचे असेल तर मागच्या टायरला खडूची खूण करा. बिनओझ्याने दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर चाळीस मीटर गेला आणि नांगर लावून तीसच, तर चाकाचे चौथाई फिरणे वाया गेले. पंधरा टक्क्यांच्या वर घसर असली की खोली कमी करावी किंवा दोन दिवस थांबावे. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला डिझेल वाचण्यात रस आहे, आपल्याला पाळ्या कमी होण्यात. दोघांचे भांडण नाही, बोलून घेतले तर भाव उतरवता येतो.

एवढे सगळे केल्यावरही काही तूट आपल्या पायाखालची नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. ऊसवाल्या भावाला त्याचे दोन पैसे मिळाले तर आमची हरकत नाही. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे शक्ती पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, आणि नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात जुन्या घडणीच्या दुचाकीचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्के, मोटारीचे ६ ते ७ टक्के घटेल असे लिहिले आहे. मग जादा पाण्याच्या पिकाचा आधार कोरडवाहूवाल्याच्या टाकीतून का, आणि शक्ती कमी तर भाव कमी का नाही, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

कराचेही तेच. मे २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला ३ रुपये ५६ पैसे होते. एप्रिल २०२० मध्ये कच्चे तेल पिंपाला वीस डॉलरच्या खाली कोसळले, आणि मे २०२० मध्ये हे शुल्क ३१ रुपये ८३ पैसे झाले. पन्नास लिटरच्या टाकीवर जवळपास सोळाशे रुपये. राज्याचा कर वेगळा. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ च्या कपातीनंतरही १५ रुपये ८० पैसे उरलेच. तेव्हा भाव मागायला गेल्यावर कुणी ‘आधी इंधन वाचवा’ असे उत्तर दिले, तर त्याच्यापुढे आपल्या वहीतले आकडे ठेवता आले पाहिजेत.

त्यासाठी वही हवी. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहावेत. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर लागले ते लिहावे. पंप शक्यतो तोच असावा. एका टाकीवरून काही कळत नाही, पाच-सहा टाक्यांची सरासरी काढावी. पहिल्या तीन टाक्या नेहमीसारख्या चालवून, पुढच्या तीन वर सांगितल्याप्रमाणे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना या वह्या आणाव्यात; गाडी कोणती, रस्ता कसा, माल कापूस की ज्वारी, हे शेजारी लिहिलेले असावे. मोटारसायकलींची यादी वेगळी, पिकअपची वेगळी आणि ट्रॅक्टरची एकरी डिझेलप्रमाणे तिसरी, अशा तीन याद्या आम्ही या पानावर छापू.