सोरायसिसवरील नवी औषधे आणि क्षयाची जोखीम

सोरायसिस त्वचेवर दिसत असला, तरी त्याचे मूळ शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडात आहे. टीएनएफ, इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-२३ ही प्रथिने दाह वाढवतात, हे संशोधनातून स्पष्ट झाल्यावर नेमकी तीच रोखणारी जैविक औषधे तयार झाली. भारतात झायडस कॅडिलाने २०१४ मध्ये टीएनएफ रोखणाऱ्या अडालिमुमॅबची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. स्वस्त अर्थातच मूळ औषधाच्या तुलनेत! औषध थांबवल्यास चट्टे बहुधा जुन्याच जागी परततात, कारण बऱ्या दिसणाऱ्या त्वचेतही प्रतिकारशक्तीच्या स्मृतिपेशी टिकून राहतात. त्यामुळे उपचार दीर्घकाळ चालतो आणि खर्च साचत जातो.

भारतापुढील पेच मात्र केवळ खर्चाचा नाही. क्षयाचे सुप्त जंतू शरीरात कोंडून ठेवण्याचे कामही टीएनएफच करते. ते रोखले की त्वचा निवळते, पण दडलेला क्षय उसळू शकतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. म्हणूनच उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी टाळता येत नाही. इंटरल्युकिन-१७ किंवा २३ रोखणाऱ्या औषधांत हा धोका बराच कमी आढळला आहे. भारतीय रुग्णासाठी औषध निवडताना हा निकष किमतीच्या आधी यायला हवा.