कोनसेट आणि मिस्त्री

मोटारसायकलचे हँडल ज्याच्यावर फिरते त्याला आपले मेकॅनिक 'कोनसेट' म्हणतात. फ्रेमच्या पुढच्या नळीत वर एक वाटी, खाली एक वाटी, त्यांना जुळणारे दोन कोन आणि मध्ये छर्रे. एवढाच कारभार. गोव्यात दुचाकी नसलेले घर शोधावे लागेल, पण हा कोनसेट कुठे असतो असे विचारा, बहुतेक जण हेडलाइटकडे बघतील. गाडी वाकडी ओढते, ब्रेक मारला की पुढे 'कट्ट' वाजते, अशी तक्रार घेऊन आपण गराजात जातो. तिथे सांगतात, याला स्पेशल टूल लागते, गाडी ठेवून जा. आपण ठेवून येतो.

माझे म्हणणे असे की हे 'स्पेशल टूल' प्रकरण अर्धे खरे आणि अर्धे आपल्या आळसाला मिळालेले छान नाव आहे.

हे सुचले ते खजुरीत. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ हे गाव आहे. तुरीचा मुलूख. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात गेला. लोक मात्र कन्नड, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात बोलतात. इथे दुचाकी म्हणजे फिरायची वस्तू नव्हे. तिच्यावर पोते जाते, दुधाचे कॅन जातात, वेळ पडली तर तिघे जातात, आणि तेही काळ्या मातीच्या गाडीवाटेने.

कोनसेट खराब होतो तोही असाच. सरळ रस्त्यावर हँडल फारसे फिरत नाही. छर्रे त्याच त्या जागी बसून प्रत्येक खड्ड्याचा दणका वाटीवर देतात. तिथले ग्रीस सरकते, पोलादाला पोलाद लागते आणि बारीक खळगे पडतात. मग हँडल सरळ आले की खाचेत अडकल्यासारखे थांबते. तपासायला इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा घालून पुढचे चाक उचलायचे आणि हँडल सावकाश फिरवायचे. अडकले तर खाच पडली. शॉकअपची खालची टोके धरून पुढे-मागे ओढल्यावर खडखड झाली तर सैल झाले.

एका अंगणात लिंबाखाली मामा-भाच्याची जोडी हेच काम करत होती. चाक काढलेले, हँडल केबलींसकट बाजूला बांधलेले, खाली जुने धोतर अंथरलेले. धोतर का, ते टी खाली उतरवल्यावर कळले. छर्रे पावसासारखे पडले आणि एकही हरवला नाही. वरच्या खाचांच्या नटासाठी भाच्याने विचारले, "मामा, कुठला पाना?" मामा म्हणाले, "पाना नको रे, छन्नी आण." खाचेत छन्नी टेकवून हलके टोले, नट फिरला. कंपनीचा आकड्यासारखा पाना असता तर नटाच्या कडा जास्त शाबूत राहिल्या असत्या, हे खरे. पण काम अडले नाही.

जुन्या वाट्या काढायला लांब सळई. नळीच्या उलट्या टोकातून घालायची आणि एकदा या कडेला, एकदा त्या कडेला ठोकायचे. एकाच बाजूला ठोकले की वाटी तिरकी होऊन रुतते. रुतलीच तर वेल्डिंगवाल्याकडून तिच्या आतून एक रेघ मारून घ्यायची. थंड होताना वाटी आक्रसते आणि सहज सुटते. नांगर-ट्रॉलीचे वेल्डिंग गावोगाव होतेच. नवी वाटी बसवायला जुनीच वाटी वर उलटी ठेवून तिच्यावर टोले द्यायचे, म्हणजे नवीला मार लागत नाही. पूर्ण बसली की टोल्याचा आवाज बदलतो, पोकळ 'टक्'चा भरीव 'ठण्' होतो. खालचा कोन तेलात गरम करून वरून सोडायचा आणि पाइपने दाबायचा.

तो आवाज ओळखणे हेच खरे हत्यार, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

या माणसाला आपण काय म्हणतो? आमच्याकडे 'मेस्त', इतरत्र 'मिस्त्री'. दोन्ही पोर्तुगीज 'मेस्त्रे'ची लेकरे, अर्थ गुरू किंवा उस्ताद. 'चावी' हा शब्दही तिथूनच आला. पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह' म्हणजे किल्लीही आणि पानाही. शब्द आमच्या किनाऱ्यावरून घाट चढून दूरवर गेला आणि तिथे अजून काम करतो आहे. आणि आमच्या गराजांत तिकडून पोटासाठी आलेल्या पोराला आपण 'ए पोरा' म्हणून हाक मारतो. उस्ताद हा अर्थ आपणच विसरलो.

रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स'मध्ये असाच प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल घसरते. लेखक म्हणतो, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घाल, उत्तम बसेल. मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. आपण सगळे त्या मित्राच्या पंगतीतले.

कोणी म्हणेल, हा जिवाशी खेळ आहे, घरी करू नये. आक्षेप रास्त आहे. चाक आणि ब्रेक पुन्हा नीट बसवता येत नसतील त्याने हात लावू नये. पण गराजात जुन्या खळगे पडलेल्या वाट्यांत नवे छर्रे घालून गाडी परत देतात, तो खेळ नाही काय? संच बदलायचा तर सगळा बदलायचा, यात काटकसर नाही. ज्याने एकदा उघडून पाहिले आहे तो निदान जुन्या वाट्या दाखवा म्हणू शकतो.

शेवटचे काम सगळ्यात नाजूक. मामांनी नट आधी जरा घट्ट केला, हँडल दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, मग सैल करून पुन्हा खडखड जाईल इतकाच आवळला. चाक अधांतरी असताना हँडलला बोट लावले की ते आपल्या वजनाने बाजूला पडले पाहिजे. फार आवळले तर गाडी हळू चालवताना झिंगते, सैल ठेवले तर ब्रेकला वाजते. काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे, कारण नवा संच थोडा बसतो.

आमच्याकडे हे पावसाआधी उरकावे. पुढच्या चाकाने उडवलेले पाणी थेट खालच्या वाटीवर जाते, आणि धुऊन गेलेले ग्रीस बाहेरून दिसत नाही.