नवा बॉयलर आणि ऐंशी अंशांचा हट्ट

इंग्लंडात लेकीच्या घरचा बॉयलर बदलला असं फोनवर सांगितलं, तर नाशिकच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "गीझर बदलला म्हणा ना सरळ!" गीझर नव्हे हो. गीझर बंद पडला तर आपण गॅसवर पातेलं चढवतो आणि आंघोळ उरकतो. इथला बॉयलर नळाला गरम पाणी देतोच, पण त्याचं खरं काम वेगळं. तो पाणी तापवतो, ते नळ्यांतून घरभर फिरवतो, प्रत्येक खोलीत भिंतीला लावलेल्या रेडिएटरमधून ते पाणी जातं, आपली ऊब खोलीला देतं आणि थोडं निवून बॉयलरकडे परत येतं. हे परत येणारं पाणी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं पुराण त्याच्याभोवती आहे.

जुना बॉयलर नव्वदच्या दशकातला होता. आत एक छोटी ज्योत चोवीस तास तेवत असायची, नंदादीपासारखी. फरक एवढाच की नंदादीप मध्येच विझला तर घर गारठत नाही! या जानेवारीत ती ज्योत तीनदा विझली, दाबाचा काटा एक बारच्या खाली घसरायचा तो वेगळाच. दर वेळी दुरुस्तीवाला यायचा, काहीतरी बदलायचा, पैसे घ्यायचा. जावई म्हणत होते, ही थंडी काढू, मग बघू. माझं मत आधीपासून एकच होतं: बदला. पैशांचा हिशेब सोडाच. जुन्या, कुरकुरणाऱ्या गॅसच्या यंत्राशी जिद्द करू नये. ज्योत निळी असावी. ती पिवळी, आळसावलेली दिसायला लागली तर गॅस नीट जळत नाहीये आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत असेल असं समजावं. त्याला रंग नाही, वास नाही, झोपेत माणूस जातो. (आपल्याकडे खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर लावणाऱ्या नातेवाइकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. नावं घेत नाही.) इंग्लंडात ऑक्टोबर २०२२ पासून नवा बॉयलर बसवला की त्या खोलीत या वायूची सूचना देणारा अलार्म लावावाच लागतो. कायदा चांगला आहे.

तर बॉयलर बदलावा की नाही, हा वाद माझ्या लेखी संपलेला आहे. मला लिहायचंय ते पुढचं. बॉयलर नवा आला, त्याच्यावर ९२ टक्के कार्यक्षमतेची चिठ्ठी चिकटलेली आली, दोन-तीन हजार पौंड मोजून झाले, आणि बहुतेक घरांत ते ९२ टक्के त्या चिठ्ठीवरच राहतात. का, ते सांगते.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान नाही. पण हे समजायला चूल पुरते. जुन्या मंडळींना चुलीचा वैल आठवत असेल. जाळ पुढच्या भांड्याखाली, आणि तिथून निसटून मागे जाणारी धग वैलावरच्या भांड्याला. आमटी पुढे शिजे, वैलावर दूध किंवा पाणी तापे, आणि त्या पाण्यासाठी वेगळं लाकूड लागत नसे. जुन्या बॉयलरला हा वैलच नव्हता. तापलेला वायू सरळ भिंतीतल्या नळकांड्यातून बाहेर. शंभर रुपयांच्या गॅसमधले पंचवीस-तीस रुपये आपण बागेतल्या चिमण्यांना ऊब द्यायला घालवत होतो.

नव्या, कंडेन्सिंग म्हणतात त्या बॉयलरमध्ये हा बाहेर चाललेला वायू परत आलेल्या निवलेल्या पाण्याच्या नळ्यांवरून नेतात. आणि इथे गंमत आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ वाफ म्हणूनच बाहेर गेली, तर गॅसमधल्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा सोबत घेऊन जाते. पण तिचं पुन्हा पाणी झालं, तर ती सगळी उष्णता सोडून देते. उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का भाजतो, हे मोदक उकडणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. बोटावर वाफेचं पाणी होतं आणि लपवलेली सगळी धग बोटाला मिळते. नव्या बॉयलरची सगळी हुशारी या चटक्यात आहे. बाहेर पडणारा वायू इतका निवालेला असतो की धुरांडं चक्क प्लॅस्टिकचं चालतं, आणि साचलेलं पाणी एका बारीक नळीतून गटारात जातं. (ते पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून ही नळीसुद्धा तांब्याची नसते, प्लॅस्टिकची असते.)

आता मुख्य मुद्दा. वाफेचं पाणी व्हायला समोर काहीतरी गार लागतं. उकळत्या भांड्यावर तितकंच तापलेलं झाकण ठेवलं तर त्याच्या आत थेंब धरतील का? तसंच इथे. परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच वाफ निवते, आणि जितकं खाली तितकं उत्तम. पण बसवणारा माणूस बॉयलर लावतो तो पाणी ७५-८० अंशांवर तापेल असा. ऐंशीवर निघालेलं पाणी घरभर फिरून साठ-सत्तरवर परत येतं. मग कसली वाफ निवते! म्हणजे बॉयलर कंडेन्सिंग, आणि कंडेन्स होतच नाही. ९२ चे पंच्याऐंशी-सत्त्याऐंशी होतात. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ च्या एप्रिलपासून असेच बॉयलर बसवायचा नियम आहे, म्हणजे दोन दशकं लोकांनी ही यंत्रं घेतली, आणि पाणी किती अंशांवर ठेवायचं हे मोठ्या गाजावाजाने सांगायला सरकारला डिसेंबर २०२२ उजाडावा लागला. तेव्हा गॅसचे भाव आभाळाला भिडले होते आणि प्रचारमोहिमेत सांगितलं गेलं, ७५ वरून ६० वर आणा. आधी सतरा वर्षं काय झोपले होते?

आमच्याकडे बसवणारा आला तो कामाला चोख होता, गॅस सेफ नोंदणीचं ओळखपत्र न मागता दाखवलं. (हे ओळखपत्र बघितल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका.) पण जाताना आकडा ठेवला पंच्याहत्तरवर. मी जावयांना म्हटलं, "त्याला विचारा, साठावर का नाही?" जावई म्हणाले, "आई, तो रोज हेच करतो, त्याला आपण काय शिकवायचं?" मी म्हटलं, "शिकवू नका हो, नुसतं विचारा." विचारल्यावर त्याने जे सांगितलं ते मला फार प्रामाणिक वाटलं. म्हणाला, कमी ठेवलं की आठवड्यात फोन येतो, रेडिएटर हाताला चटका देत नाही, बॉयलर बिघडलाय! म्हणजे ऐंशी अंशांचा हट्ट त्याचा नाहीच, गिऱ्हाइकाचा आहे. लोकांना खोली उबदार असून भागत नाही, लोखंड भाजलं पाहिजे.

आणखी एक दुखणं म्हणजे मोठा बॉयलर घेण्याची हौस. तीन ठिकाणांहून भाव मागवले, त्यातल्या एकाने उगाच वरच्या आकाराचा गळ्यात मारायचा बराच प्रयत्न केला. नळाला तात्काळ गरम पाणी हवं म्हणून पंचवीस-तीस किलोवॉटचं यंत्र लागतं हे खरं, पण साध्या जोडघराला ऐन थंडीतही ऊब द्यायला सात-आठ-दहा किलोवॉट पुरतात. मोठा बॉयलर मग सारखा पेटतो, विझतो, पेटतो, विझतो. म्हणून भाव मागवताना "सर्वांत जास्त किती" यापेक्षा "सर्वांत कमी किती आंचेवर शांत चालतो" हा आकडा विचारावा. भाकरी करणाऱ्या बाईला मंद आंचेची किंमत वेगळी सांगायला नको. तसंच जुन्या रेडिएटरमधला काळा गाळ आधी धुऊन घ्यावा आणि परतीच्या नळीवर चुंबकाची गाळणी बसवून घ्यावी. भावपत्रकात हे शेवटच्या ओळीत असतं आणि घासाघीस करताना पहिलं उडवलं जातं!

आता विरुद्ध बाजू. पाणी कमी तापवलं तर घर तापायला वेळ लागतो, हे शंभर टक्के खरं. संध्याकाळी सहाला गारठलेल्या घरात येऊन साडेसहाला उबेत बसायचं असेल, तर ५५ अंशांवर ते जमत नाही. यावर उत्तर एकच, लवकर सुरू करायचं आणि जास्त वेळ मंद चालू ठेवायचं. लोकांना ते उधळपट्टी वाटतं. माझी लेकसुद्धा म्हणाली, "अगं आई, दिवसभर चालू?" पण गाडी सारखी ब्रेक-ॲक्सिलरेटर करत नेली तर पेट्रोल जास्त जातं की एका संथ वेगाने नेली तर? अर्थात दिवसभर घरात कोणीच नसेल तर हे गणित बदलतं, ज्याने त्याने आपला दिवस बघून ठरवावं.

पण एक गोष्ट मात्र ठासून सांगते, कारण इथल्या आपल्या कित्येक घरांत भारतातून आलेले आईवडील असतात. पाण्याचं तापमान कमी करणं आणि खोलीचं तापमान कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बचत पहिल्यात करा, दुसऱ्यात नाही. म्हाताऱ्या माणसांच्या खोल्या किमान १८ अंशांवर ठेवा असं इथली आरोग्यखाती सांगतात, आणि ते उगाच नाही. गारठ्याने रक्तदाब वाढतो, छाती भरते. शेजारी एक गृहस्थ एकटे राहतात, ऐंशी उलटलेले. बिलाच्या धास्तीने सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बॉयलर लावतात, ऐंशी अंशांवर. दोन तास भट्टी, बावीस तास बर्फ. गॅस वाया जातो तो जातोच आणि अंगातली थंडी काही जात नाही. आणि आपली माणसंसुद्धा कमी नाहीत हं. "मला नको ग हीटर, शाल आहे" असं म्हणून मागच्या खोलीत कुडकुडत बसणाऱ्या आज्या मी इथे पाहिल्या आहेत. मुलांनी त्यांचं ऐकू नये.

आणि ज्यांच्या घरी गरम पाणी टाकीत साठवलं जातं, त्यांनी माझं ऐकून सरसकट आकडा खाली आणू नये. साठवलेलं पाणी ६० च्या खाली राहिलं तर लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि फुप्फुसाला धरतात. मी सांगते ते टाकी नसलेल्या कॉम्बी बॉयलरबद्दल. त्यावर दोन खुणा असतात, एक नळाची, एक रेडिएटरची. रेडिएटरची खाली आणायची.

राहिला नातवाचा प्रश्न. तो शाळेत शिकून आलेला, म्हणाला, आजी, पुन्हा गॅसच का? हीट पंप का नाही? मुद्दा बिनतोड आहे. हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता घरात आणतो आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने त्याचं अनुदान साडेसात हजार पौंड केलं. पण इथे विजेचा युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट पडत आलाय, आणि तीनाने चाराला भागायला गेलं की मध्यमवर्गीय माणूस थांबतो. भर थंडीत बंद पडलेल्या बॉयलरला पर्याय शोधायचा तर आठवड्यात बसणारी वस्तूच घेतली जाते, त्यात लेकीला दोष नाही. ज्या देशाने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघर माणसं पाठवून शेगड्या आणि हीटर उत्तर समुद्राच्या गॅससाठी बदलून दिले, त्याला विजेचे भाव नीट लावणं अशक्य नाही, एवढंच म्हणते.

त्यात कमी तापमानाचा आणखी एक फायदा आहे. हीट पंपही ४५-५० अंशांच्या पाण्यावरच खुशीत चालतो. म्हणजे आज गॅसच्या बॉयलरवर पाणी पन्नासवर ठेवून ऐन थंडीत घर ऊबदार राहिलं, तर ते घर हीट पंपाच्या परीक्षेत आत्ताच पास. पैसे खर्च न करता घेतलेली चाचणी परीक्षा!

आमच्याकडे साठावरून पंचावन्नवर आलोय, कोणाची तक्रार नाही. येत्या जानेवारीत पन्नासचा पेपर द्यायचं ठरलंय. पुढच्या खोलीतला रेडिएटर लहान पडेल, मोठा घ्यावा लागेल असं जावयांचं म्हणणं आहे. मी म्हटलं, आधी त्याच्यापुढचा सोफा तर हलवा.